मामंजींची राहुटी

आमच्या मामंजींना छपराखाली झोप लागत नसे. पेन्शन घेऊन ते धाराशिवच्या घरी कायमचे राहायला आले, तेव्हा पहिले काही दिवस त्यांनी माजघरात, ओसरीवर, माळवदावर अशी सगळीकडं खाट टाकून पाहिली. माजघरात त्यांना कोंडल्यासारखं होई. ओसरीवर भिंत फार जवळ वाटे. माळवदावर आभाळ होतं, वाराही होता, पण डोक्यावर कापडाची फडफड नव्हती, आणि ती कानावर पडल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. शेवटी एका सकाळी त्यांनी परसातल्या लिंबाखाली आपली जुनी राहुटी उभी केली, आत खाट टाकली आणि जेवणवेळ टळेपर्यंत गाढ झोपले. गल्लीत बातमी पसरली की गिरदावरसाहेब घरच्या घरी दौऱ्यावर निघाले.

गिरदावर हा शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी राहिलेला नाही. निजामाच्या अमलात महसूल खात्यात हा एक हुद्दा असे. आठ-दहा गावांच्या पटवाऱ्यांवर नजर ठेवायची, पिकं पाहायची, बांधांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यासाठी वर्षातले बरेच महिने गावोगाव राहुटी ठोकत फिरायचं, असं ते काम. मामंजींची सगळी नोकरी त्यात गेली. पुढं राज्य बदललं, दफ्तर उर्दूतून मराठीत आलं, आणि मामंजींनी नव्या अमलात थोडे दिवस काढून निवृत्ती घेतली. येताना त्यांनी बरोबर आणली ती एक लोखंडी पेटी आणि खात्यानं जुनी म्हणून काढून टाकलेली राहुटी. बाहेरून ती मातकट झाली होती, पण आतलं अस्तर हळदीसारखं पिवळं होतं. सकाळचं ऊन वरून झिरपलं की आत बसलेला माणूस नुकताच हळद लागल्यासारखा दिसे.

मी बार्शीची, म्हणजे तेव्हाच्या भाषेत इंग्रजी मुलखातली. मला पाहायला मंडळी आली तेव्हा आमच्याकडच्या बायका ‘निजामाच्या मोगलाईत पोर द्यायची का’ म्हणून दबक्या आवाजात बोलत होत्या. मामंजी मात्र निवांत होते. त्यांनी मला स्वयंपाकाचं विचारलं नाही, शिवणटिपणाचं विचारलं नाही, गाणंही म्हणायला लावलं नाही. चहाची कपबशी खाली ठेवून त्यांनी एकच प्रश्न केला, “मुली, वाऱ्यात चूल पेटवता येते का?” माझे वडील गोंधळून माझ्याकडं पाहू लागले. मी मान हलवली. मामंजी म्हणाले, “बस्स. मग बाकीचं सगळं येईल.” लग्नाच्या दिवशीही त्यांचं लक्ष मुहूर्तापेक्षा मांडवाच्या दोऱ्यांकडं अधिक होतं. अंतरपाट धरायच्या जरा आधी ते एका खांबाशी वाकून कुणीतरी बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधत होते, असं माझी बहीण अजून सांगते.

लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या घरात शकू आणि तिच्या पाठीवर बाळ अशी दोन लेकरं झाली. मामंजींची खरी गंमत मला तेव्हा दिसली. एवढा उंचापुरा, झुपकेदार मिशांचा माणूस तासन्‌तास पाळण्याशी बसून राही. बाळाला पहिला दात आला तेव्हा त्यांनी तो तीनदा बोट लावून पाहिला आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हाक मारून विचारलं की सगळ्याच लेकरांना खालचा दात आधी येतो का. आत्याबाई दळण निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्या चौघांनाही तसाच आला होता.” मामंजींनी बोट मागं घेतलं. मग मला म्हणाले, “सूनबाई, मला माझी मुलं एकदम मिशा फुटलेलीच भेटली. मधलं सगळं हिनं पाहिलं.”

त्या बोलण्यातच बहुधा पुढचा बेत शिजला. मार्गशीर्ष उतरणीला लागला होता. रानात ज्वारी पुरुषभर उंच झाली होती आणि येळवस जवळ आली होती. आमच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येला सगळा गाव आपापल्या रानात जातो, कडब्याची खोप करून पूजा करतो आणि तिथंच जेवतो, ती येळवस. एका संध्याकाळी जेवताना मामंजींनी जाहीर केलं की यंदा येळवशीच्या आधी चार दिवस सगळ्यांनी तेरणेच्या काठी मुक्कामाला जायचं. घरातले सगळे, लेकरांसकट, आणि राहायचं राहुटीत.

पहिल्यांदा आमचे हे कसनुसे झाले. हे कचेरीत कारकून होते. आधीच कचेरीत कुणीतरी परसातल्या राहुटीवरून यांची थट्टा करत असे, आता साहेबांना रजेचं कारण काय सांगायचं, ही यांची चिंता. माझी चिंता वेगळी होती. शकूला त्या वर्षी डांग्या खोकला होऊन गेला होता. खोकता खोकता ती निळी पडायची ते दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलले नव्हते. तिला मी कानटोपीशिवाय ओसरीवरही येऊ देत नसे. थंडीच्या दिवसांत नदीकाठी कापडाखाली तिला ठेवायचं म्हटल्यावर माझ्या हातातला घास तसाच राहिला. मला खात्री होती की आत्याबाई हा बेत मोडून काढतील. त्यांचं सोवळं कडक होतं. परक्याच्या हातचं पाणीही त्यांना चालत नसे.

आत्याबाईंनी आमटीची पळी खाली ठेवली आणि विचारलं, “देव कुठं ठेवायचे?”

मामंजी म्हणाले, “आधी देवांची जागा, मग आपली.”

“मग मी येते,” आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाढायला लागल्या. आमच्या दोघांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे झाले असणार.

सामान लादताना मामंजींचा एक नियम होता: जी वस्तू पाहून ‘लागलीच तर’ असं म्हणावंसं वाटतं, ती घरी ठेवायची. मी ‘लागलीच तर’ म्हणत लेकरांसाठी दोन गाठोडी बांधली होती. शेगडी, गाद्या, काढ्यांच्या पुड्या, लोकरीचे सगळे कपडे. मामंजींनी शांतपणे एक गाठोडं गाडीतून उतरवलं. मी ते पुन्हा चढवलं. त्यांनी पुन्हा उतरवलं. तिसऱ्यांदा मी चढवलं तेव्हा ते बैलांकडं पाहत म्हणाले, “यांची हरकत नसेल तर माझीही नाही.” पुढं त्या गाठोड्यातलं निम्मं काही उघडलंही गेलं नाही, पण ते त्यांनी मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

तेरच्या वाटेवर एक लहानसं गाव आहे. तिथल्या शिवाप्पा नावाच्या शेतकऱ्याचं रान नदीला लागून होतं आणि मामंजींचा नोकरीतला जुना मुक्काम तिथंच पडायचा. शिवाप्पा गळ्यात लिंग बांधणारा, मोठा मोकळा माणूस. घरात कानडी, बाहेर मराठी बोलणारा. गाडी बांधावर लागलेली पाहून तो धावतच आला. राज्य गेल्यावर गिरदावरसाहेब पुन्हा कशाला येतात, असं त्याला वाटलं असणार. मामंजींनी त्याला सांगितलं की या खेपेला तपासणी नाही, नातवंडं घेऊन आलोय. तो इतका हसला की त्याच्या कानातली बाळी हलली. म्हणाला, “मग सायेब, आता तुमी आमचे पावणे. आता भ्यायचं काम न्हाय.”

राहुटी उभी करणं हा मामंजींच्या लेखी सोहळा होता. आधी त्यांनी चिमूटभर माती बोटांतून सोडून वारा पाहिला. मग जमीन पायानं दाबत एक मोठा फेरा मारला. शकूही कमरेवर हात ठेवून त्यांच्या मागं तसाच फेरा मारून आली. मेखा ठोकताना त्यांनी प्रत्येकाला काम नेमून दिलं. यांना तणावे ताणायला लावले, मला दगड गोळा करायला. साडेचार वर्षांच्या शकूची पेशकार, म्हणजे साहेबांचा कारकून, म्हणून नेमणूक झाली आणि नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाची पहारेकरी म्हणून. पहारेकऱ्यानं पहिल्याच घटकेला एक मेख तोंडात घातली. मामंजी शकूला ‘पेशकारबाई’ म्हणून अदबीनं हाक मारत आणि तीही ‘जी हुजूर’ म्हणून पळत येई. ते तिला कुणी शिकवलं हे विचारायची गरजच नव्हती.

यांनी बांधलेली एक गाठ मात्र संध्याकाळी सुटली आणि राहुटीची एक बाजू हळूच आत्याबाईंच्या डोक्यावर येऊन बसली. कापडाखालून त्यांचा आवाज आला, “दौऱ्यावर रोज असंच होत होतं का?” मामंजींनी कापड उचललं. आत आत्याबाई हातातली भाकरी न सोडता बसल्या होत्या.

पहिल्या सकाळी शिवाप्पाची एक शेळी आत शिरली. आत्याबाई नदीवर गेल्या होत्या. शेळीनं देवांपुढची फुलं खाल्ली, तुळशीचं पान खाल्लं आणि वातींचा सगळा पुडा चघळून टाकला. आत्याबाई ओल्या लुगड्यानं परतल्या तेव्हा शेळी देवांसमोर उभी राहून रवंथ करत होती. आता सगळा मुक्काम गुंडाळावा लागणार असं मला वाटलं. मामंजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “पूजा आटोपलेली दिसते.” आत्याबाईंनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. मी सासरी आल्यापासून त्यांना तसं खांदे हलवून हसताना पाहिलं नव्हतं.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. शकूच्या प्रत्येक ठसक्याला मी दचकत होते. मामंजींना ते दिसत असावं. ते मला समजावायला आले नाहीत. त्यांनी फक्त चुलीची जागा बदलून अशा ठिकाणी केली की स्वयंपाक करता करता मला सगळी नदी दिसावी. तीन दगडांची ती चूल वाऱ्यात पेटता पेटेना. माझं बार्शीतलं मान हलवणं त्या दिवशी उघडं पडलं. मामंजींनी शेजारी बसून दगडाची तोंडं फिरवून दाखवली, खालून बारीक काटक्या, वरून जाड, आणि फुंकणी माझ्या हातात देऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे घडलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. जेवणं झाली होती. बाळ झोपला होता. मामंजींनी शकूला बैलांपुढं चारा आहे का ते पाहून यायला सांगितलं. बैल हाकेच्या अंतरावर बाभळीला बांधले होते. पेशकारबाई ‘जी हुजूर’ म्हणून गेल्या. मी भांडी घासून आले तरी ती आलेली नव्हती. बाभळीखाली बैल होते, चारा होता, शकू नव्हती. बाभळीच्या पलीकडं ज्वारीचं रान सुरू होत होतं आणि ते दूर टेकाडापर्यंत नुसतं हिरवं पसरलेलं होतं. मोठ्या माणसालाही त्यात शिरल्यावर चार हातांपलीकडचं दिसत नसे.

मी तिचं नाव घेऊन ओरडत ज्वारीत घुसले. हे नदीकडं पळाले आणि तसेच कपड्यांनिशी कमरेइतक्या पाण्यात उतरले. आत्याबाई बाळाला छातीशी धरून बांधावर उभ्या राहून हाका मारत होत्या. पानं माझ्या तोंडाला कापत होती. कोणत्या बाजूनं आले आणि कोणत्या बाजूला जातेय हे मला कळेना. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, ती कुठंतरी खोकत पडली आहे आणि तिला माझा आवाज येत नाही.

तेवढ्यात मामंजींचा आवाज आला. त्यांचा तो कचेरीतला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. “ओरडू नका कुणी. सगळेच ओरडलात तर तिची हाक कशी ऐकू येणार? जिथं आहात तिथं थांबा.”

आम्ही थांबलो. ती शांतता मला अजून आठवते. ज्वारीची पानं एकमेकांना घासत होती. दूर राव्यांचा हिरवा थवा उठला. शिवाप्पाची आई रानाच्या मध्यावर माळ्यावर बसून पाखरं राखत असे, तिची लांबलचक ‘हाऽ हो’ अशी आरोळी आली. दिवसभर येतच होती. पण या वेळी तिच्या आरोळीच्या शेपटाला आणखी एक आरोळी होती. बारीक, चिरकी आणि अगदी मन लावून दिलेली.

मामंजी त्या आवाजाच्या रोखानं सरळ ज्वारी बाजूला सारत गेले. मी त्यांच्या मागं. चार मेढींवर बांधलेल्या त्या माळ्यावर म्हातारीच्या शेजारी शकू बसली होती. कानटोपी गळ्यात लोंबत होती, तोंडाला भाजलेल्या हुरड्याची राख लागली होती आणि ती दोन्ही हात उभारून पाखरांवर ओरडत होती. म्हातारी वरूनच म्हणाली, “रडत आलं व्हतं लेकरू. म्या म्हणलं, वर बसवावं, वरून समद्यास्नी दिसंल. पाखरं लई झालीत, मला उतरता आलं न्हाय बाई.” मी शकूला खाली ओढून पोटाशी धरलं. तिनं मला सांगितलं की बैलांना चारा आहे.

परत आल्यावर मामंजी राहुटीच्या तोंडाशी बसले. त्यांच्या गालावर पानांचे लाल ओरखडे उठले होते. पाण्याचा तांब्या त्यांनी उचलला, पण तोंडाला लावला नाही. त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला. मी यांना म्हणाले की आजच्या आज घरी जायचं. यांनी वडिलांकडं पाहिलं. मी तयारीत होते, की आता मामंजी काहीतरी सांगतील, ‘सापडली ना’ म्हणतील, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलेन. पण ते एवढंच म्हणाले, “बरोबर आहे, सूनबाई. मीच पाठवलं तिला. गाडी जुंपायला सांगतो.” आणि उठायला लागले.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “जायचं त्यांनी जा. मी अमावस्या झाल्याशिवाय इथून हलणार नाही.”

त्या माझ्याकडं वळल्या. “चार लेकरं मी कडीच्या आत वाढवली, सूनबाई. हे मुक्कामावर, आणि मी घरात. दाराला कडी, खिडकीला गज. तरी तुझ्या नवऱ्यानं ओसरीवरून पडून हात मोडून घेतला. थोरली माजघरात बसल्या जागी भाजली. कडीनं काय राखलं जातं ते मला माहीत आहे.” मग त्या म्हणाल्या, “आणि आज सकाळी मी पहिल्यांदा सूर्य जमिनीतून निघताना पाहिला. आजवर तो मला शेजारच्यांच्या भिंतीवरूनच दिसत आला. मला उद्याही पाहायचाय.”

मामंजी खाली बसले. बराच वेळ त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं नाही. मी काही ठरवलं असं नाही. शकू माझ्या मांडीवर होती, तिच्या अंगाला धुराचा आणि कोवळ्या ज्वारीचा वास येत होता. ती माळ्यावरच्या म्हातारीच्या आरोळीची नक्कल करून दाखवत होती, आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात ती एकदाही खोकली नव्हती. मी यांना गाडी राहू द्या म्हणाले.

संध्याकाळी शिवाप्पानं आपल्या बैलांच्या दोन घुंगुरमाळा आणून दिल्या. एक शकूच्या कमरेला बांधली. दुसरी मागून बाळानं थयथयाट केला म्हणून त्याच्या कमरेला. त्यानंतर मुक्कामभर आमच्या राहुटीभोवती घुंगरं वाजत होती. ती ज्वारीकडं सरकली की मी मान वर करायची, नदीकडं सरकली की हे मान वर करायचे. माझ्या लक्षात आलं, मी शकूकडं पाहण्याऐवजी तिला ऐकायला लागले होते, आणि ऐकताना हात आपलं काम करत राहतात.

येळवशीला शिवाप्पाच्या खोपीपुढं सगळ्यांची पंगत बसली. सगळ्या शेंगाभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मोठ्या मडक्यात आंबिल. आत्याबाईंसमोर पत्रावळ आली तेव्हा मला त्यांचं सोवळं आठवलं. शिवाप्पाच्या आईलाही ते माहीत असावं. ती पळी हातात धरून थांबली होती. आत्याबाईंनी एकदा मामंजींकडं पाहिलं. ते मुद्दाम दुसरीकडं पाहत होते. मग आत्याबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “वाढा की. आंबिलीला काय घालता ते मात्र सांगा मला.” त्या दोघी मग तिन्हीसांजेपर्यंत ताकाच्या आंबटपणावर बोलत बसल्या. पुढं आमच्या घरी आंबिल होऊ लागली ती अशी.

त्यानंतर दरवर्षी आमचा मुक्काम पडू लागला. एकदा आम्ही येडशीजवळ रामलिंगच्या रानात गेलो. तिथं माकडांनी मामंजींचा चष्मा पळवला आणि शेवटी एका केळ्यावर तडजोड झाली. एकदा नळदुर्गाच्या बाजूला गेलो, तिथं यांनी मुलांना पोहायला शिकवलं. येळवशीला मात्र तेरणेकाठीच. हळूहळू यांचा संकोच गेला. कचेरीतले, पूर्वी थट्टा करणारेच, ‘साहेब, सुट्टीत राहुटी मिळेल का’ म्हणून विचारायला घरी येऊ लागले. मामंजी ती देत, पण न्यायला आलेल्याला आधी परसात एकदा उभी करायला लावत. आमच्या परसात रविवारी कुणी ना कुणी घाम पुसत मेखा ठोकत असे आणि शकू त्याच्या गाठी तपासत असे.

पोरं मोठी झाली तसे मामंजी थकले. गुडघे धरले, नजर मंदावली. शेवटच्या खेपेला त्यांना गाडीतून हात धरून उतरवावं लागलं. त्या वर्षी राहुटी मुलांनी ठोकली. मामंजी बांधावर घोंगडी टाकून बसले होते आणि शकू त्यांना मध्ये मध्ये बोलू देत नव्हती. ते तिला काही सांगायला गेले की ती म्हणायची, “आजोबा, तुम्ही पाहुणे आहात.” मला ते कठोर वाटलं. मी तिला दटावणार होते. मामंजींनी मला हातानं थांबवलं. म्हणाले, “असू द्या, सूनबाई. मला कुणी पाहुणा म्हणून मुक्कामाला नेलंच नव्हतं आजवर.” आणि खरंच ते चार दिवस त्यांनी पाहुण्यासारखे घेतले. हातात आणून दिलेलं खाल्लं, दाखवलं ते पाहिलं आणि सगळ्याची तोंडभरून तारीफ केली.

पुढच्या श्रावणात ते गेले. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि एका दुपारी आत्याबाईंशी बोलता बोलता त्यांचं बोलणं थांबलं. फार हाल झाले नाहीत. घर मात्र एकदम मोठं झालं. येळवस जवळ आली तेव्हा आमच्यापैकी कुणीच मुक्कामाचं नाव काढलं नाही. आत्याबाईंनीच यांना विचारलं की रजा टाकली का. हे म्हणाले, यंदा राहू द्यावं. आत्याबाई म्हणाल्या, “देवांचं सामान मी बांधून ठेवलंय.”

शिवाप्पाला काही कळलेलं नव्हतं. गाडी बांधाला लागताच तो नेहमीसारखा धावत आला आणि गाडीत वाकून पाहू लागला. “सायेब मागनं येणार व्हय?” त्यानं विचारलं.

आत्याबाई गाडीतून उतरल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, “शिवाप्पा, ते श्रावणात गेले.”

शिवाप्पानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. तो नदीकडं तोंड करून उभा राहिला. मुलांनी आवाज न करता सामान उतरवायला सुरुवात केली होती. मग त्यानं पागोटं पुन्हा बांधलं, डोळे पुसले आणि आत्याबाईंना विचारलं, “माय, दूध किती धाडू?”

आत्याबाई म्हणाल्या, “नेहमीएवढंच धाडा.”

संध्याकाळी शिवाप्पाचा मुलगा चरवी ठेवून गेला. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर तळाशी पेलाभर दूध उरलं. मामंजी मुक्कामावर रोज तेवढंच घेत. आत्याबाईंनी ते निखाऱ्यावर कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं, विरजण लावलं आणि वाडग्यावर ताटली झाकून चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी दही छान घट्ट लागलं होतं. शकूनं आणि बाळानं ते गरम भाकरीबरोबर वाडगं पुसून खाल्लं, आणि ती दोघं आंघोळीला नदीवर पळाली.